शब्द पाठ, वाक्य कोरें

मुलांस इंग्रजी चांगलें यावें, म्हणून आपल्या घरोघरीं शब्द पाठ करवून घेण्यांत येतात. दिवसाला दहा शब्द, त्यांचें स्पेलिंग आणि समोर मराठी अर्थ, असा क्रम महिनोगणती चालतो. परंतु त्याच मुलास चार ओळींचें पत्र लिहावयास सांगितलें, कीं त्याची लेखणी अडते. आणि घरचीं वडीलधारीं माणसें त्यास ‘मंद’ ठरवून मोकळीं होतात. आमच्या मतें हा दोष मुलाच्या बुद्धीचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे.

आमच्या महालास इंग्रजी विद्या नवी नाहीं. १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज निघालें, तें याच भागांत. इतक्या पिढ्या इंग्रजी शिकूनही घरची शिकवणी शब्दांच्या यादींतच अडकून राहावी, हें नवल आहे.

जुन्या घरांतून अमरकोश पाठ करवीत असत. तीही यादीच, असें कोणी म्हणेल. परंतु त्या ग्रंथाचें दुसरें नांव ‘नामलिंगानुशासन’ असें आहे. शब्दाबरोबर त्याचें लिंगही कळावें, अशी त्याची योजना असून अव्ययांचा वर्ग त्यांत निराळा केलेला आहे. म्हणजे शब्द वाक्यांत कसा चालतो, याची खूण शब्दाबरोबरच हातीं येई. इंग्रजी शब्द पाठ करवितांना नेमकी हीच खूण आपण गाळतों.

इंग्रजींत ही खूण प्रत्ययांत थोडी आणि जागेंत फार. ‘रामानें रावणास मारिलें’ म्हणा किंवा ‘रावणास रामानें मारिलें’ म्हणा, अर्थ एकच. कारण कर्ता व कर्म प्रत्ययांनीं ओळखूं येतात. ‘राम किल्ड रावण’ यांतील नांवांची मात्र अदलाबदल केली, तर सारें रामायणच उलटें होईल! ‘वॉटर’ म्हणजे पाणी, एवढेंच घोकलेलें मूल ‘वॉटर द प्लँट्स’ येथें थबकतें. कारण येथें तो शब्द नाम नसून क्रियापद आहे आणि वाक्य आज्ञार्थी आहे. ‘यू आर रेडी’ हें विधान, ‘आर यू रेडी’ हा प्रश्न. शब्द तेच, जागा तेवढी पालटली.

येथें घरच्या माणसांचा मोठा उपयोग आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद इत्यादि शब्दांच्या ज्या आठ जाती आपण मराठी शाळेंत शिकतों, त्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच आपल्याकडे रूढ झाल्या. म्हणून ज्या आजीस वा काकूस त्या ठाऊक आहेत, तिला इंग्रजी फारसें येत नसलें, तरी तिनें मागें सरण्याचें कारण नाहीं. एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा: आपलें शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतें, इंग्रजीचें नामाच्या आधीं. आपण ‘टेबलाखालीं’ म्हणतों, इंग्रज ‘अंडर द टेबल’ म्हणतो.

आमची सूचना अगदीं साधी आहे. दहा शब्दांऐवजीं चारच घ्यावे. प्रत्येक शब्दाचें एक विधान आणि एक प्रश्न मुलाकडून लिहवून घ्यावा. दिवेलागणीनंतर त्यानें तीं वाक्यें मोठ्यानें वाचून त्यांचा अर्थ मराठींत सांगावा, आणि ऐकणाऱ्यानें ‘हा शब्द येथें कोणतें काम करितो?’ एवढेंच विचारावें. महिनाभर हा क्रम चालवून मग मामास किंवा आत्यास एक पत्र लिहवून पाहावें. मुलास मंद म्हणण्यापूर्वीं एवढें करणें, हें वडिलांचें कर्तव्यच होय.