‘जादेव’ कोण होते?

साठच्या दशकातील एखादा दुर्लक्षित पॉप गट, त्याची कधीच प्रकाशित न झालेली कच्ची ध्वनिमुद्रणे, कोणाच्या तरी कपाटात सापडलेली टेप, आणि मग ‘पुनःशोध’ हा शब्द. अलीकडे हे सारे वारंवार कानांवर येते. सापडल्याच्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शब्दाविषयी. आवाज सापडला म्हणजे माणूस सापडला, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक आम्हांला मान्य नाही, आणि मराठीच्या अध्यापकांना तर ते मुळीच मान्य असू नये.

एक उदाहरण घेऊ. त्याचा अर्धा भाग लंडनमधला आहे, तर अर्धा मुंबईतला. जो मॅसॉट दिग्दर्शित ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी केले. लंडनमधील ध्वनिमुद्रणांत त्यांच्या साथीला लिव्हरपूलचा ‘द रेमो फोर’ हा गट होता. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईस आले आणि फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी भारतीय वादकांसह याच चित्रपटासाठी मुद्रणे केली. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामात मुद्रित झाले.

रेमो फोरचे ‘इन द फर्स्ट प्लेस’ हे गाणे मात्र तेव्हा अप्रकाशितच राहिले. नव्वदच्या दशकात मॅसॉट चित्रपटाची नवी आवृत्ती सिद्ध करीत असताना ते सापडले आणि १९९९ मध्ये प्रकाशित झाले, तेही रेमो फोरच्याच नावाने. कॉलिन मॅन्ली आणि टोनी अ‍ॅश्टन यांनी ते लिहिले, हे आज कोणालाही सांगता येते. विस्मृतीत गेलेल्या गटाला त्याचे गाणे आणि नाव दोन्ही परत मिळाले. याला पुनःशोध म्हणायला आमची हरकत नाही.

आता मुंबईची बाजू पाहू. १९६८ च्या तबकडीच्या वेष्टनावर भारतीय वादकांची नावे छापली होती, हे हॅरिसन यांच्या बाजूने प्रथम नमूद केले पाहिजे. आपल्याकडच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर वादकांना सहसा एवढेही मिळत नसे. पण ती नावे छापली गेली कशी? संतूरवादक शिवकुमार शर्मा यांचे आडनाव ‘शेरमार’ झाले. बासरीवादक एस. आर. केणकरे वाचले. सनईवादकांत एक नाव आहे, हनुमान ‘जादेव’.

जादेव! हे आडनाव कोणत्या मराठी माणसाने ऐकले आहे? हे जाधव असावेत, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हणतो. पण ‘असावेत’ या क्रियापदावर कोणत्याही संहितेचा संपादक थांबत नाही. ‘शेरमार’ची दुरुस्ती आपोआप झाली, कारण शिवकुमार शर्मा पुढे जगद्विख्यात झाले. कीर्तीच त्यांची मुद्रितशोधक ठरली. ज्याला ती लाभली नाही, त्याची सनई आजही जगभर ऐकली जाते, पण नाव छापखान्यातल्या चुकीसह नोंदींतून फिरत राहते.

‘जादेव’ यांना निदान चुकलेले नाव तरी मिळाले. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. त्यांनी इथल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी मुद्रित केली. त्या टेप अधिकृतपणे प्रकाशित झाल्या २०१५ मध्ये, ‘कोडा’ या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत. गाण्यांच्या शीर्षकाशी कंसात दोन शब्द आहेत: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. वादकांच्या जागी शहराचे नाव आले.

परकीयांवर एवढे बोट ठेवून थांबणे सोपे आहे. पण आमचा खरा वाद घरातलाच आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातील आमच्या एका विद्यार्थिनीने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी घरातली एक जुनी कॅसेट आणली. हळदीच्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी, मध्येच भांड्यांचा आवाज, कोणाचे तरी हसणे. कॅसेटवर शाईने एवढेच लिहिलेले: ‘ताईची हळद’. गाते कोण, असा प्रश्न आम्ही विचारला. त्यावर एका चर्चासत्रात एका विद्वान सहकाऱ्यांनी आम्हांला समजावले की लोकगीताचा कर्ता अनामिक असतो, तेव्हा हा प्रश्नच अप्रस्तुत आहे.

हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आता तपासले पाहिजे. रचणारी अज्ञात असणे आणि गाणारी अज्ञात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली परंपरेची प्रकृती म्हणता येईल, दुसरी आपल्या नोंदवहीतली रिकामी जागा आहे. आगरी-कोळी लग्नांत धवले म्हणणाऱ्या धवलारणीला तिच्या समाजात सगळे नावाने ओळखतात. ती अनामिक होते ती आपल्या प्रबंधात. तिथे ‘लोक’ हा शब्द नेमके तेच काम करतो, जे त्या तबकडीवर ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ करतो.

त्या विद्यार्थिनीने कॅसेट आजीला ऐकवली. आजीने सात आवाज ओळखले आणि दोन ओळखता आले नाहीत. शेजारच्या एका बाईंना ते ओळखता आले असते, पण त्या आता नाहीत. टेप खराब झाली तर तिची नक्कल निदान आधी करून ठेवता येते. आवाज ओळखणारा कान गेला की त्याची नक्कल कुठे मिळणार?

आपल्या परंपरेत याहून चांगला दाखला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या त्या माणसांना गाठून, विचारून. मूळ पोथी नष्ट झाल्यावर ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, आणि ज्याच्या स्मरणातून पाठ आला त्याचे नाव त्या पाठाला राहिले. हिराइसेचा पाठ आजही हिराइसेचाच आहे. सातशे वर्षांपूर्वी जे जमले, ते खिशात ध्वनिमुद्रक बाळगणाऱ्या आपल्याला जमू नये?

वादकांना मानधन मिळाले होते, मग नावाचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. मानधन श्रमाचे असते. ते घेतल्याने श्रम करणाऱ्याचे नाव विकले जात नाही. संगीत हा मराठी विभागाचा विषय नव्हे, असेही म्हणतात. पण पाठभेद, अपपाठ, लेखनिकाचे प्रमाद हे कोणाचे विषय आहेत? ‘शेरमार’ आणि ‘जादेव’ हे अपपाठच आहेत. पोथीतल्या एका ऱ्हस्व-दीर्घासाठी आपण पानेच्या पाने खर्ची घालतो. माणसाच्या आडनावासाठी एक दुपारही खर्च करू नये?

म्हणून आमची मागणी साधी आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पात कोणतेही ध्वनिमुद्रण स्वीकारताना त्यासोबत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोण गाते वा वाजवते, कोठे आणि केव्हा, मुद्रण कोणी केले, आणि ही ओळख कोणी पटवली. गाणारीने नाव नको म्हटले तर तेही तिच्या शब्दांत नोंदवावे, कारण नाव न देणे हा तिचा अधिकार आहे, आपली सोय नव्हे. या चार रकान्यांशिवाय आलेल्या प्रकल्पाला गुण देऊ नयेत. परीक्षक या नात्याने एवढे तर आपल्या हातात आहे.