घोडा पडला नाही म्हणून चूक लहान होत नाही

हार्नेस शर्यतीत निष्काळजीपणे गाडी हाकणाऱ्या चालकाला स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, निलंबित केलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘पाव सेकंदात निर्णय घ्यावा लागतो, हेतू वाईट नव्हता, अपघात तर होणारच. मग पोटावर पाय का देता?’ मला ही तक्रार मुळातच चुकीची वाटते.

आधी चूक कशी घडते ते पाहू. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जॉकी घोड्याच्या पाठीवर असतो. हार्नेस शर्यतीत चालक हलक्या दोनचाकी सल्कीत, घोड्याच्या मागच्या पायांना लागून, पाय पसरून बसतो. घोड्याने दुडकीने पळायचं, नाहीतर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत, म्हणजे पेसने. यात वेग कमी असेल असं समजू नये. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत मेडोलँड्सच्या ट्रॅकवर बुलडॉग हॅनोव्हर हा घोडा एक मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत पळाला. ताशी जवळजवळ ५५ किलोमीटर. अशा वेगात बाहेरच्या रांगेतला चालक आत सरकतो, पण मागचा घोडा पुरता मागे पडलाय का, हे बघत नाही. त्याचं चाक त्या घोड्याच्या पुढच्या पायांवर येतं. मागचा चालक लगाम खेचतो, घोडा बिचकतो आणि चाल मोडून उधळतो. पेसच्या घोड्याच्या पायांत चाल टिकावी म्हणून हॉबल्सचे पट्टे असतात. अडखळला तर सावरणं कठीण. मागून येणाऱ्या सल्क्यांना बाजूला व्हायला जागाच नसते.

आता ‘पाव सेकंद’. आत शिरायचं हे चालकाने बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. पाव सेकंद लागतो तो मान वळवून बघायला, आणि तेवढंच त्याने केलेलं नसतं. हेतूचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाच्या नियमांत निष्काळजीपणा आणि बेदरकारपणा हे दोन वेगळे दोष आहेत. जाणूनबुजून धोका पत्करला का, हा प्रश्न दुसऱ्यात येतो. पहिल्यात एवढंच विचारायचं, की सावध चालक घेतो तेवढी काळजी घेतली का?

‘अपघात होणारच’ हे वाक्य तर मला ऐकवत नाही. हॅम्बलटोनियन ही मोठी शर्यत चार वेळा जिंकलेले चालक बिली हॉटन जुलै १९८६ मध्ये यॉंकर्सच्या ट्रॅकवरच्या अपघातात डोक्याला मार लागून गेले. तिथे चूक कुणाची, हा माझा मुद्दा नाही. इतका मुरलेला चालकही जिथे जिवाला मुकतो, तिथे टाळता येण्यासारखा धोका वाढवण्याची मुभा कुणालाच नको.

पोटाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. दोन आठवड्यांचं निलंबन सगळ्यांना सारखं नसतं. रोज गाड्या हाकणाऱ्याच्या कितीतरी शर्यती बुडतात. लहान गावातल्या, आठवड्यातून एकदा उतरणाऱ्याच्या जेमतेम दोन-तीन. म्हणून निलंबन दिवसांत नव्हे, शर्यतींत मोजावं. चालक एरवी किती शर्यती हाकतो, हे न्यूझीलंडमध्ये शिक्षा ठरवताना पाहिलं जातं. तोच रस्ता बरोबर आहे. पण निलंबनाऐवजी दंड नको. कमावत्या चालकाला दंड म्हणजे धंद्यातला एक खर्च. शिवाय पोट मागच्या सल्कीतल्या माणसालाही आहे. त्याचं मनगट मोडलं तर त्याची कमाई किती महिने बंद राहील, हे कुठलाही स्टुअर्ड आधी सांगू शकत नाही.

सर्वात जास्त खटकतं ते वेगळंच. घोडा पडला तर शिक्षा जड, सावरला तर हलकी. अरे, सावरला कुणी? मागच्या चालकाने, स्वतःच्या कसबाने! त्याच्या कसबाचा फायदा चूक करणाऱ्याच्या पदरात का पडावा? नुकसान किती झालं ते जरूर पाहावं, पण चुकीनंतर. मूळ शिक्षा ठरावी ती किती जागा नसताना तो आत घुसला यावरून, आणि ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

राहिलं अपील. तो हक्क हवाच. पण स्थगिती मिळवून मोठी शर्यत हाकायची आणि निलंबन मग मोसमातल्या सुन्या आठवड्यांत भोगायचं, ही सोय बंद झाली पाहिजे. व्हिडिओ त्याच रात्री हातात असतो. सुनावणी पुढच्या मोठ्या शर्यतीच्या आत घ्यावी, आणि तोवर स्थगिती देऊ नये.