शिफारशीची शाळा

बीड जिल्ह्यातील पुढाऱ्याच्या संपर्क कार्यालयात उमेदवारी करणारा पदवीधर काय शिकतो? ऊसतोडीहून परतलेल्या मजुराच्या शिधापत्रिकेसाठी, कोणाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शिफारसपत्रे लिहिणे. वस्तुतः २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अशा सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा हक्क ठरविला आहे. विलंब झाल्यास अपिलाची तरतूदही आहे. परंतु पत्राने काम झाले की हक्काचा उपकार होतो आणि त्याची फेड निवडणुकीत मागितली जाते. २०२४ च्या शासकीय युवा कार्य प्रशिक्षण योजनेने पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन देऊ केले. येथे बहुधा आशेवरच राबावे लागते. स्वतःच शिफारशीची वाट पाहणाऱ्यास ही रीत खटकणार कशी? तरीही त्याने गरजूंस अपिलाचा अर्ज लिहून द्यावा. लोकशाहीचे शिक्षण तेथून सुरू होते.