आधी चिमटा काढून बघा!

अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत, मग बोरिवली फास्टमध्ये लटकत घरी. पोट सुटणारच! त्यात डिसेंबरात लग्न ठरलं की लंच टाइममध्ये लायपोचा विषय निघतोच. थांबा. आधी पोट चिमटीत धरून बघा. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी, लायपोची नळी तेवढीच ओढते. पोट नगाऱ्यासारखं टणक असेल, तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. तिथे नळी पोचतच नाही. वजन बेताचं, फक्त कमरेचा टायर हटत नाही, त्यांच्यासाठी लायपो ठीक.

डायबेटिस टळेल म्हणता? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात लठ्ठ बायकांच्या पोटाची सुमारे १० किलो चरबी काढली, तरी इन्शुलिनचं गणित सुधारलं नाही.

आणि हे ऑपरेशन आहे, फेशियल नव्हे. मे २०२२मध्ये बंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड टीव्ही अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर दगावली. म्हणून डॉक्टर एम.सीएच. प्लास्टिक सर्जन आहेत का, भूल कोण देणार, आयसीयू आहे का, हे बिनधास्त विचारा. लाजायचं कसलं?

हो, नंतर काही आठवडे घट्ट पट्टा बांधून राहायचं असतं. मे महिन्यात, लोकलच्या गर्दीत!