पित्ताशयाला मुदतवाढ

कड्याच्या बाजारातील एका परिचित कांदाव्यापाऱ्यास काळे शौच होऊ लागले म्हणून या आठवड्यात तातडीने नगरला हलवावे लागले, आणि सुजलेल्या पित्ताशयातच रक्तस्राव झाल्याचे निदान होताच ‘विकारच दुर्मीळ, कोण काय करणार’ असे जे समाधान मंडळींनी करून घेतले, त्याचाच मला अधिक संताप आला. विकार दुर्मीळ खरा; परंतु खडे सोनोग्राफीच्या कागदावर उमटून वर्षे लोटली होती, आणि हृदयविकारासाठी चालू असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीची चौकशी पोटदुखीवर पित्ताच्या गोळ्या देणाऱ्यांपैकी एकानेही केलेली नव्हती. औषधांची चिठ्ठी खिशात बाळगा, हे माझे जुने तुणतुणे वाचकांनी पुन्हा एकवार सोसावे.

दाहाने आणि खड्यांच्या दाबाने अस्तर झिजले की रक्तवाहिनी उघडी पडते. रक्त पित्तनलिकेवाटे आतड्यात उतरते, गुठळी नलिकेत अडकली तर कावीळ होते, आणि पित्ताशय फुटलेच तर नाडी सुटण्यास वेळ लागत नाही. कळ, कावीळ व रक्तस्राव हे त्रिकूट क्विंके या जर्मन वैद्याने १८७१ सालीच नोंदविले आहे. तिन्ही एकदम हजर होण्याची वाट पाहणारा मात्र बहुधा उशिराच पोचतो.

आता कडे ज्यात येते त्याच बीड जिल्ह्याचे दुसरे दफ्तर उघडा. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेथे केवढी तत्परता! अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार, कर्करोगाची धास्ती, आणि खाडा झाल्यास मुकादम उचलीतून कापणार असलेला दंड, एवढ्या भांडवलावर शस्त्रक्रियेची तजवीज होत असे. आणि ज्या आष्टी तालुक्यातून कोयते कारखान्यांकडे निघतात, तेथेच वारंवार कळ देऊन ताकीद करणाऱ्या पित्ताशयाला मात्र ‘पट्टा पडल्यावर’, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, ‘पाहू’ म्हणून मुदतवाढ मिळत राहते. आकडे मागाल तर मजपाशी नाहीत, तरी माझी समजूत पक्की आहे की कोणता अवयव काढावा आणि कोणता राखावा, याचा निवाडा आमच्याकडे रोग करीत नसून मजुरीचा हिशेब करतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात १९९० सालीच केली होती. तेव्हा साधनांची सबब पुढे करू नये.

मात्र हे वाचून कोणी सुरी पाजळू नये. कधीही न दुखणारे खडे बहुधा तसेच राहू द्यावयाचे असतात. नाहीतर गर्भाशयांमागून पित्ताशयांची पाळी यावयाची, आणि त्यांच्या मोजणीसाठी सरकारास आणखी एक समिती नेमावी लागावयाची.