अहिल्या नावाची कसली भीती?

मंडळी, रविवारी आमच्या नातीचं बारसं आहे आणि घरात दोन तट पडलेत. मुलाच्या मनात 'अहिल्या' होतं, सुनेलाही आवडलं होतं. तेवढ्यात नात्यातल्या एक जाणत्या बाई फोनवर म्हणाल्या, "अगं बाई, शिळा झालेलीचं नाव? शापाचं नाव ठेवतात का कुणी?" झालं! दोघंही कचरले. आता मोबाईलवर शोधलेलं 'आयरा' पुढे आलंय.

हे कुठे चाललंय, तर इंदुरात! इथला विमानतळ अहिल्याबाईंच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं, राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा. तिथून जाताना हात जोडायचे आणि पाळण्यात मात्र ते नाव नको म्हणायचं?

मी कॉमर्सचा माणूस, संस्कृत पंडित नाही. पण बँकेत उभा जन्म गेला, नोंदीत शंका आली की मूळ व्हाउचर काढायची सवय आहे. म्हणून वाल्मीकींचं बालकांड काढून बसलो. त्यात अहल्या दगड होतच नाही. गौतमांच्या शापाने ती कुणाला न दिसता, वारा खाऊन, राखेत पडून तप करते. आणि राम आश्रमात येतो तेव्हा राम-लक्ष्मणच तिचे पाय धरतात. शिळा आणि पायधूळ ही नंतरच्यांची भर. आपण भर तेवढी लक्षात ठेवली.

अर्थ म्हणाल तर मूळ शब्द 'अहल्या', आपल्या तोंडी 'अहिल्या' झाला. हल म्हणजे नांगर. जिला नांगर लागला नाही अशी जमीन ती अहल्या. उत्तरकांडात दुसरा अर्थ आहे: हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती. यात अशुभ काय आहे? पंचकन्यांच्या प्रातःस्मरणात पहिलं नाव हिचंच. माझी आजी अंथरुणातून उठायच्या आधी ते म्हणायची. शापित बाईचं नाव कुणी दिवसाच्या सुरुवातीला घेतं का?

दुसरा आक्षेप असा, की अहिल्याबाईंनी फार भोगलं. खरंच भोगलं. १७५४ साली कुंभेरीला नवरा गेला, १७६६ त सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा. पण ते नावामुळे? मग सीतेला वनवास घडला, तरी घरोघर सीता होत्याच ना! त्यानंतर बाईंनी १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, महेश्वरातून राज्य केलं, काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं. चौंडीच्या पाटलांनी मुलीचं नाव ठेवताना असलाच विचार केला असता तर?

आणि त्या 'आयरा'चे म्हणे चार अर्थ: पृथ्वी, सरस्वती, आदरणीय, आणखी काहीतरी. आपट्यांच्या कोशात मला 'इरा' मिळाला, पृथ्वी आणि वाणी या अर्थांनी. 'आयरा' नाही मिळाला. इरा ठेवा, माझी हरकत नाही, चांगला शब्द आहे. पण कुणीतरी चिकटवलेला अर्थ खरा आणि आजीच्या तोंडचं नाव खोटं, हे मला पटत नाही.

शेवटी नाव आई-बापांनीच ठरवायचं, हे मला कळतं. पण भिऊन ठरवू नये. सुनेला काल बालकांडातलं ते पान उघडून दिलं. तिने शांतपणे वाचलं, काही बोलली नाही. बाळाची आत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय. कानात 'कुर्र' तिलाच करायचंय, आणि तिने फोनवर मला आधीच विचारलंय, "बाबा, नक्की काय म्हणायचं?"