पंचावन्न टक्के आणि मण्यार

आम्हा आयटीवाल्यांना 'साठ टक्के थ्रूआउट' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही. दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, सगळीकडे साठ. एक केटी लागली की कॅंपसच्या यादीतून नाव गायब. पण आमच्याकडे पळवाटाही पुष्कळ. दोन वर्षं एखाद्या छोट्या कंपनीत घासली की मार्कशीट कोणी बघत नाही. चार वर्षांनी तर एम-थ्रीला किती पडले होते हे आपल्यालाच आठवत नाही.

नर्सिंगमध्ये मात्र मार्कशीट पाठ सोडत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे एम.एस्सी. नर्सिंगला जायचं तर बी.एस्सी. नर्सिंगला एकूण किमान ५५ टक्के हवेत, शिवाय नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव. आता गंमत बघा. बी.एस्सी.त पास व्हायला ५० टक्के लागतात. म्हणजे ५२ टक्केवाली मुलगी रुग्णाच्या शिरेत सुई घालायला लायक, आयसीयूत रात्रपाळी करायला लायक, पण पुढे शिकायला नालायक. आणि एम.एस्सी. नाही म्हणजे नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक होण्याची वाट बंद.

हे मी पुण्यात एसीत बसून लिहितोय, पण डोळ्यासमोर आहे तो जुन्नर-आंबेगावचा पट्टा. नारायणगाव, ओतूर, मंचर इकडच्या टोमॅटो-कांदावाल्यांच्या मुली, आणि पश्चिमेला डिंभे धरणाच्या पलीकडे आहुपे-पाटणकडच्या महादेव कोळी, ठाकर घरांतल्या मुली. बारावीपर्यंत यातल्या बऱ्याच जणींचं शिक्षण मराठीतून, नाहीतर निम्मं मराठीतून. मग कॉलेजात पहिल्याच वर्षी ॲनॉटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, सगळं इंग्रजीत अंगावर येतं. पहिलं वर्ष ५० वर निभावतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भाषा बसते, वॉर्डात हात बसतो, मार्क साठाच्या पुढे जातात. पण एकूण बेरजेत पहिलं वर्ष बसलेलंच असतं, दगडासारखं.

अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत देता येते, हे खरं. म्हणजे आहुपेच्या मुलीची कागदावरची अडचण बरीचशी सुटते (घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून झाल्यावर). ओतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीची सुटत नाही. पण माझा मुद्दा सवलतीचा नाहीच. आपण मोजतोय काय, हा आहे.

मण्यारीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दुखत नाही फारसं, खूणही कधीकधी दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो. तिथली सिस्टर त्याच्या पापण्या बघते. जड झाल्यात का? एका दमात आकडे मोजायला लावते. कितीपर्यंत पोचतो? मान उचलता येते का? तासाभराने पुन्हा तेच. आकडा कमी होत गेला तर श्वास जातोय, आणि अँब्यू बॅग हातात घ्यायची वेळ आलीय. घोणस असेल तर वेगळंच. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी वाकडी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लॅस्टिकची असेल तर उत्तर चुकतं. प्रतिविष सुरू केल्यावर अंगाला खाज सुटते का, बीपी पडतंय का, ॲड्रेनॅलिन भरून हाताशी आहे का, हे सगळं त्याच बाईने बघायचं. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी सर्पदंशावर जन्मभर काम केलंय, त्या भागात त्यांचं नाव सांगावं लागत नाही. पण डॉक्टर कितीही मोठा असो, रात्री तीन वाजता दर तासाला पापण्या कोणीतरी बघाव्याच लागतात.

आणि जिने हे शंभरदा केलंय, तिने उद्या कॉलेजात जाऊन शिकवू नये, कारण पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत ५१ पडले होते!

एक विनोद अजून बाकी आहे. जी मुलगी बारावी आर्ट्स करून जी.एन.एम. डिप्लोमाला गेली, तिला नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, आणि एम.एस्सी.ला त्याचे मार्क धरतात. डिप्लोमात कमी पडलेले मार्क तिथे पुसले जातात. म्हणजे 'खालच्या' वाटेने गेलेलीला दुसरा डाव मिळतो. थेट बी.एस्सी. केलेलीला मात्र ५३ टक्के जन्मभर चिकटले. हे कोणी मुद्दाम केलं नसेल, नियमांवर नियम चढत गेले की असं होतं. (आमच्या कोडमध्येही होतं, पण तिथे निदान बग फाइल करता येतो.)

अमेरिकेतही साधारण ३.० जीपीएची रेघ असतेच. पण तिथल्या काही विद्यापीठांत फक्त शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए बघतात. मला हे पटतं. माणूस कुठून निघाला यापेक्षा कुठे पोचला ते बघा.

"दर्जा घसरेल" असं कोणी म्हणेल. ती भीती मला उगाच वाटत नाही. कुठल्या कॉलेजात इंटर्नल मार्क कसे वाटतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि नेमकं म्हणूनच एका कॉलेजचे ५५ आणि दुसऱ्याचे ५५ सारखे नसतात. महाराष्ट्रात एम.एस्सी. नर्सिंगला सीईटी आहे. सगळ्यांना एकच पेपर. मग तो मोजा की! आणि दर्जाचंच म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने डॉक्टरांच्या नीट पीजीचा पात्रता पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला, जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. ती प्रवेश परीक्षा आणि हे पदवीचे मार्क, तुलना तंतोतंत नाही, मान्य. पण गरज पडली की रेघ हलते, एवढं तरी त्यावरून कळतं. फक्त नर्सिंगसाठी ती हलवायला कोणी बसलेलं नाही.

असो. तोवर ज्यांचे मार्क ५० आणि ५५ च्या मध्ये अडकलेत त्यांच्यासाठी. अजून बी.एस्सी. चालू असेल तर आत्ताच बेरीज मांडा, शेवटच्या वर्षात किती पडले तर एकूण ५५ होतात ते काढा, बहुतेक वेळा आकडा वाटतो तितका भयंकर नसतो. पदवी झाली असेल तर क्रिटिकल केअर, नवजात शिशू, ऑन्कॉलॉजी असे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांवर सुरू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदाला बी.एस्सी. नर्सिंग चालतं, घराजवळ काम मिळू शकतं. पब्लिक हेल्थ किंवा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स डिग्रीही आहे, तिथे दार वेगळं आणि अटीही वेगळ्या. आणि धाकटी बहीण बारावीत असेल, सायन्स झेपत नसेल, तर तिला जी.एन.एम.ची वाट नीट समजावून सांगा. नातेवाईक नाक मुरडतील, मुरडू देत.